पिंगळीचं गवत आणि जिल्ह्याचा पत्ता

परभणीहून पूर्णेकडे निघालं की पिंगळी लागते. या भागात अंजन गवत (सेंक्रस सिलिअरिस) दिसलं, तर त्याची नोंद जरूर व्हायला हवी. मूळ अंजन हे आफ्रिकेपासून राजस्थानापर्यंतच्या कोरड्या पट्ट्याचं, हलक्या वाळूमिश्रित जमिनीचं. आपल्या काळ्या भारी रानात मारवेल जास्त. कणसावरून अंजन चटकन ओळखू येतं. प्रत्येक कणिशकाभोवती मऊ, लवदार केसांचा झुपका असतो, हाताला टोचत नाही.

नोंदींच्या बाबतीत मराठवाड्यावर अन्यायच झाला. थिओडोर कुक यांनी 1901 पासून मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा ग्रंथ काढला. त्यात सिंधचं वाळवंट आलं, परभणी नाही, कारण आपण निजामाच्या राज्यात होतो! व्ही. एन. नाईक यांचा 'फ्लोरा ऑफ मराठवाडा' आला तो थेट 1998 साली.

म्हणून नमुने हवेत. गवत मुळासकट, कणसासह काढा, माती झटका. लांब असेल तर इंग्रजी 'व्ही'सारखं दुमडून वर्तमानपत्रात दाबा आणि कागद रोज बदला. सुकलं की साधारण 42 × 28 सेंटिमीटरच्या जाड कागदावर चिकटवा. खाली तारीख, जमीन, गोळा करणाऱ्याचं नाव आणि ठिकाण लिहा.

ठिकाण लिहिताना नुसतं 'पिंगळी' कधीही लिहू नका. साताऱ्याच्या माण तालुक्यातही पिंगळी आहे आणि तोही कोरडाच मुलूख! गाव, तालुका, जिल्हा, जमलं तर अक्षांश-रेखांशही द्या.