पॉइंट कुठे टाकायचे? कॉम्प्युटर गेममधल्या कौशल्यांचा हिशोब

रहाटणीत व्याख्यान ठेवायचं आणि विषय कॉम्प्युटर गेमचा, हे काही ज्येष्ठांना खटकलं असेल. पण सेकंड शिफ्ट संपवून, जेवण उरकून रात्री कॉम्प्युटरसमोर बसणारी मुलं आपल्याच घरांत आहेत. एकेका रोल-प्लेइंग गेमला साठ-सत्तर तास सहज जातात. एवढा वेळ जाणारच असेल, तर त्यात नेमका कसला विचार चालतो, तो कुठे बरोबर ठरतो आणि कुठे फसतो, हे आज आपण पाहू.

अशा गेममध्ये तुमचं एक पात्र असतं. त्याचे काही मूळ गुण असतात: ताकद, चपळाई, बुद्धी, चिवटपणा. आणि काही कौशल्यं असतात: तलवार चालवणं, कुलूप उघडणं, औषधं बनवणं. ही वाढवायच्या दोन पद्धती आहेत. काही गेममध्ये लेव्हल वाढली की पॉइंट मिळतात आणि ते तुम्ही वाटता. दुसऱ्या पद्धतीत जे काम कराल तेच कौशल्य वाढतं. धनुष्य चालवलं की नेम सुधारतो, उड्या मारल्या की उड्या सुधारतात. दोन्हीकडे अडचण एकच. पॉइंट किंवा वेळ मोजका, आणि वाढवण्यासारखं पुष्कळ.

आता पहिला नियम. ज्या दोन गोष्टींचा गुणाकार होतो, त्या जोडीनं वाढवायच्या. समजा, तुमचे शंभरातले 60 वार लागतात आणि लागलेला प्रत्येक वार 20 नुकसान करतो. म्हणजे सरासरी प्रत्येक वाराला 12. एक पॉइंट हातात आहे. नेमावर टाकला तर 60 चे 70 होतात, ताकदीवर टाकला तर 20 चे 24. पहिल्यात सरासरी 14 येते, दुसऱ्यात 14.4. म्हणजे ताकद बरी. पण ताकद वाढवत वाढवत 40 वर नेली की हिशोब उलटतो. तेव्हा नेमाचा पॉइंट 24 चे 28 करतो आणि ताकदीचा 26.4 च. म्हणून ‘सगळं ताकदीवर टाक’ हा मित्राचा सल्ला सुरुवातीला खरा असतो आणि नंतर खोटा ठरतो. सल्ला तोच राहतो, परिस्थिती बदललेली असते.

दुसरा नियम पायऱ्यांचा. सगळीकडे वाढ सरळ चढासारखी नसते, जिन्यासारखी असते. बेल्जियमच्या लॅरियन स्टुडिओचा ‘बाल्डर्स गेट 3’ हा 2023 चा गेम घ्या. त्यात गुण 16 असेल तर फाशाच्या दानात 3 मिळवतात. गुण 17 केला तरी 3 च, आणि 18 केला की 4. म्हणजे 17 वर थांबलात तर पायरीच्या मध्येच उभे राहिलात, पुढे तो आकडा सम करायची सोय ठेवली नसेल तर तो पॉइंट निजलेलाच. शिवाय सुरुवातीला वाटायला 27 पॉइंट असतात. गुण 8 वरून 13 वर न्यायला 5 पॉइंट पुरतात, पण 13 वरून 15 वर जायला आणखी 4 लागतात. शेवटच्या पायऱ्या महाग, हे बाजारातल्यासारखंच आहे. या गेममध्ये शंभर सोन्याची नाणी दिली की सगळी वाटणी पुन्हा नव्यानं करता येते, त्यामुळे चूक झाली तरी जीव जात नाही.

पण सगळे गेम इतके दयाळू नसतात. म्हणून आता तिसऱ्या आणि आमच्या मते सगळ्यात महत्त्वाच्या नियमाकडे येतो: क्रम. उदाहरण बेथेस्डा कंपनीच्या 2006 च्या ‘ऑब्लिव्हियन’चं. त्यात चिवटपणा नावाचा गुण आहे. प्रत्येक लेव्हलला तुमच्या जिवात चिवटपणाच्या दहाव्या हिश्शाइतकी भर पडते. आणि मागच्या लेव्हलची भर नंतर वाढवून मिळत नाही.

दोघं जण खेळतायत असं धरा. दोघांचा चिवटपणा 50. पहिला पहिल्या दहा लेव्हलमध्ये दर वेळी 5 वाढवून तो 100 वर नेतो. दुसरा आधी तलवार आणि चपळाई बघतो आणि चिवटपणा पुढच्या दहा लेव्हलमध्ये 100 वर नेतो. वीस लेव्हलनंतर दोघांचा चिवटपणा 100 च दिसतो. पण जिवाची जमा बघितली तर पहिल्याची सुमारे 177 आणि दुसऱ्याची सुमारे 127. पन्नासाचा हा फरक पुढे कधीच भरून निघत नाही. काय वाढवलं इतकंच नाही, आधी काय वाढवलं हेही मोजलं जातं.

याच गेममध्ये आणखी एक सापळा होता. एकवीस कौशल्यांपैकी सात तुम्ही मुख्य म्हणून निवडायची. मुख्य कौशल्यांत मिळून दहा वाढी झाल्या की लेव्हल वाढते. आता कोणीही शहाणा माणूस आपल्या रोजच्या वापरातली सात निवडेल. त्यात धावणं आणि उड्या मारणं आलं, तर नुसतं या गावाहून त्या गावाला जाताना लेव्हल वाढते. वाढेना, बिघडलं काय? बिघडतं असं, की या गेममध्ये जगही तुमच्याबरोबर वाढतं. तुम्ही धावून धावून वर चढलात, तलवार मात्र होती तिथेच. समोरचा शत्रू तुमची लेव्हल बघून येतो, तलवार बघून नाही. पुढच्या टप्प्यात तर वाटमारी करणारे साधे लुटारू अंगावर महागडं चिलखत घालून येतात आणि मागतात फक्त शंभर नाणी! या विचित्रपणावर खेळाडू आजही हसतात.

यावर खेळाडूंनी उपाय काढला. जी कौशल्यं वापरायची नाहीत ती मुख्य म्हणून निवडायची, म्हणजे लेव्हल आपल्या ताब्यात राहते. गुणाला पुरे 5 मिळवायचे तर त्याच्या कौशल्यांत दहा वाढी लागतात, त्या मोजून करायच्या, अगदी वहीत टिपून. पैसे देऊन शिकवणारे गुरूही त्यात आहेत, पण एका लेव्हलला पाचच धडे, आणि न घेतलेले धडे पुढे जमा होत नाहीत. धड्याची किंमत म्हणजे तुमच्या त्या वेळच्या कौशल्याच्या दहापट नाणी. 20 वर असताना 200, 60 वर असताना 600. म्हणून जे कौशल्य आपोआप हळू वाढतं, त्यालाच गुरूचे धडे राखून ठेवायचे.

हे सगळं केलं तर पात्र उत्तम होतं. पण मग खेळ उरतो का? डोंगर दिसला म्हणून चढायचं नाही, कारण उड्यांचा आकडा बिघडेल! ही तक्रार एवढी रास्त होती की कंपनीनं 2011 च्या ‘स्कायरिम’मधून ते मूळ गुणच काढून टाकले. 2025 मध्ये ‘ऑब्लिव्हियन’ नव्या रूपात आला, तेव्हा दर लेव्हलला ठरलेले 12 पॉइंट द्यायची सोय केली. वही गेली.

आता आपल्या पट्ट्याकडे वळू. चाकण-भोसरीच्या बऱ्याच कारखान्यांत लाइनजवळ एक तक्ता लावलेला असतो. डाव्या बाजूला कामगारांची नावं, वर कामांची नावं, आणि चौकटीत चार भागांचे गोल. एक भाग भरला म्हणजे शिकतोय, दोन म्हणजे देखरेखीखाली करतो, तीन म्हणजे स्वतंत्र करतो, चार म्हणजे दुसऱ्याला शिकवू शकतो. बघताक्षणी गेमचाच पडदा वाटतो. आणि आमच्या तीन नियमांतला क्रमाचा नियम इथे जसाच्या तसा लागू पडतो. ड्रॉइंग वाचणं, मायक्रोमीटर नीट धरणं, मोजमापाची समज, हा आपला चिवटपणा. आयटीआयच्या पहिल्या वर्षात तो पक्का केला तर पुढच्या प्रत्येक मशिनवर त्याची भर पडत जाते. उशिरा शिकलात तरी येतं, पण मधल्या वर्षांची भर हुकते. आणि जगही वाढतंच. इंजिनाच्या जागी बॅटरी आली, की कालचा भरलेला गोल आज अर्धा होतो. नुसत्या नोकरीच्या वर्षांनी लेव्हल वाढली आणि हात तोच राहिला, तर लुटारू चिलखत घालून येतो.

पण दोन ठिकाणी ही तुलना सोडून द्यावी लागते. गेममधलं कौशल्य गंजत नाही, माणसाचं गंजतं. वर्षभर मशिनला हात लावला नाही तर बोटं विसरतात. आणि गेममध्ये थकवा झोपेच्या एका बटणानं जातो. फर्स्ट शिफ्टची बस पहाटे येणार असताना दोन वाजेपर्यंत जागून पात्राचा चिवटपणा वाढवणं, हा हिशोब कोणत्याही नियमानं जमेचा निघत नाही.

तेव्हा खेळणाऱ्यांना आमचं सांगणं एवढंच: पहिल्यांदा गेम खेळताना वही उघडू नका, डोंगर दिसला तर चढा. दुसऱ्यांदा खेळाल तेव्हा हिशोब करा, त्यात वेगळी मजा आहे. आणि पालकांनी मुलाला ‘किती वेळ खेळलास’ यासोबत ‘पॉइंट कुठे टाकलेस, आणि का?’ हेही विचारून बघावं. त्याचं उत्तर ऐकण्यासारखं असतं. आता तुमचे प्रश्न घेऊ.