टॉर्क कन्व्हर्टर गेला म्हणण्यापूर्वी

अंधेरी-कुर्ला रस्ता असो की घाटकोपर, गॅरेजात हल्ली एक तक्रार हमखास ऐकू येते. "मिस्त्री, गाडी ऑटोमॅटिक आहे. जागची उशिरा उचलते आणि वेगात थरथरते." मिस्त्री क्षणभर थांबतो. क्लच प्लेटचे काम असते तर त्याने संध्याकाळपर्यंत गाडी हातात दिली असती. इथे क्लचचे पेडलच नाही. मग कोणीतरी सांगून टाकतो, "कन्व्हर्टर गेला!" गिऱ्हाइकाच्या खिशाला कात्री लागते आणि पुष्कळदा एवढे करूनही थरथर जात नाही.

आपल्या अनेक कुटुंबांची चूल गॅरेज, स्पेअर पार्ट्स आणि जुन्या गाड्यांच्या खरेदी-विक्रीवर पेटते. ऑटोमॅटिक गाड्या वाढत आहेत. हे काम आपण शिकलो नाही, तर गिऱ्हाईक कंपनीच्या शोरूमकडे वळेल. म्हणून आज या यंत्राची थोडी ओळख करून घेऊ.

आधी गाडी ओळखा

प्रत्येक ऑटोमॅटिक गाडीत टॉर्क कन्व्हर्टर नसतो. मारुतीने २०१४ साली सेलेरिओमध्ये एएमटी आणली. तिच्यात नेहमीचीच क्लच प्लेट असते, फक्त ती दाबण्याचे काम यंत्र करते. अशा गाडीत कन्व्हर्टर शोधणे व्यर्थ. इनोव्हा क्रिस्टा आणि क्रेटा यांच्या ६ गिअरच्या ऑटोमॅटिकमध्ये मात्र तो असतो. होंडा सिटीच्या २०१४ नंतरच्या सीव्हीटीतही तो आहे, पण तिचे ऑइल वेगळे. रस्ते खोदणाऱ्या जेसीबीतही कन्व्हर्टर असतो, त्यामुळे जेसीबीची कामे करणाऱ्या आपल्या कारागिरांना तो नवा नाही.

आत काय असते?

दोन टेबल फॅन समोरासमोर ठेवा आणि एकच चालू करा. त्याच्या वाऱ्याने दुसराही फिरू लागतो. कन्व्हर्टरमध्ये वाऱ्याच्या जागी ऑइल आहे. एक पंखा इंजिन फिरवते, दुसरा गिअरबॉक्सला जोडलेला असतो. मध्ये स्टेटर नावाचा तिसरा पंखा परत येणाऱ्या ऑइलला योग्य दिशा देतो, त्यामुळे गाडी उचलताना जोर वाढतो. स्टेटर एकाच दिशेने फिरतो. गाडीने वेग धरला की लॉक-अप क्लच दोन्ही पंखे एकत्र जखडतो आणि पेट्रोल वाचते. हे तत्त्व जर्मन इंजिनिअर हेर्मान फ्यॉटिंगर यांनी १९०५ साली जहाजांसाठी पेटंट केले होते.

घरच्या घरी काय तपासाल?

पहिली तपासणी ऑइलची. गाडी सपाट जागी उभी करा, इंजिन गरम होऊ द्या. डिपस्टिक असेल तर पातळी पाहा. बहुतेक गाड्यांत ती इंजिन चालू ठेवून पाहतात, काहींत बंद करून, म्हणून गाडीचे पुस्तक आधी वाचा. नव्या अनेक गाड्यांत डिपस्टिकच नसते. ते काम जॅकवर नव्हे, रॅम्पवर करावे.

ऑइल लालसर आणि स्वच्छ असेल तर ठीक. काळपट असून जळका वास येत असेल तर आतले क्लच झिजत आहेत. दुधाळ गुलाबी दिसले तर रेडिएटरमधून पाणी शिरले आहे. गाडी तशीच चालवू नका.

ताशी ५० ते ८० किलोमीटरच्या दरम्यान, पाय हलका असताना थरथर येत असेल, तर बहुधा लॉक-अप क्लच घसरतो आहे. ऑइल जुने झाल्यावर हे सर्रास होते. कंपनीने सांगितलेलेच ऑइल घालून पाहा. एकदा ड्रेन केले तर सगळे ऑइल निघत नाही, बरेचसे कन्व्हर्टरमध्येच राहते. म्हणून काही दिवसांनी पुन्हा बदलावे. स्पार्क प्लग किंवा इंजिन माउंटिंग खराब असले तरी गाडी अशीच थरथरते. हे स्वस्त भाग आधी तपासा.

गाडी जागची उचलत नाही, पण वेग धरल्यावर चांगली पळते, तर स्टेटरचा दोष असू शकतो. सिग्नलला थांबताना इंजिन बंद पडत असेल, तर लॉक-अप सुटत नसावा. तो दोष बहुधा सोलेनॉइड व्हॉल्व्ह किंवा वायरिंगचा असतो. स्कॅनर लावल्याशिवाय गिअरबॉक्स उतरवू नये.

ब्रेक दाबून पूर्ण रेस देण्याची स्टॉल टेस्ट सोसायटीच्या आवारात कधीही करू नका. ऑइल काही सेकंदांत भयंकर तापते आणि गाडी सुटली तर समोरच्याचा जीव जातो.

उतरवण्याची वेळ आलीच तर

कन्व्हर्टर वेल्डिंगने बंद केलेला असतो. तो लेथवर कापावा लागतो, पुन्हा वेल्ड करून बॅलन्स आणि लीक तपासावा लागतो. हे घरचे काम नाही. गॅरेजात बदलताना मात्र दोन गोष्टी विसरू नका. एक म्हणजे ऑइल कूलर आणि पाइप धुऊन घ्या, नाहीतर जुना चुरा नवा कन्व्हर्टरही खाईल. दुसरी म्हणजे कन्व्हर्टर पंपात पूर्ण बसेपर्यंत हाताने फिरवत आत ढकला. गिअरबॉक्स इंजिनला हाताने टेकला पाहिजे. तो टेकत नसताना बोल्ट आवळून ओढून घेतला, तर पंप फुटतो आणि सारा खर्च आपल्या अंगावर येतो.

पूर्वीचे उस्ताद आवाजावरून गिअर ओळखत. तो कान आजही लागतो, पण सोबत गाडीचे पुस्तक आणि स्कॅनरही लागतो. मुलगा दहावी झाला असेल तर आयटीआयचा २ वर्षांचा मेकॅनिक मोटर व्हेईकल अभ्यासक्रम त्याला जरूर करू द्या. सकाळी वर्ग आणि संध्याकाळी गॅरेज, असे दोन्ही त्याला मिळू दे.

गिऱ्हाईक गाडीची चावी आपल्या हाती देते ती अमानत असते. जे काम ऑइल बदलून होत असेल, तिथे ऑइलचेच पैसे घ्यावेत. त्या गिऱ्हाइकाची पुढची गाडीही आपल्याच दारी येईल.