वाघ येऊन गेला, म्हणजे वाघ पसरले का?

२०१९ मध्ये हिंगोली जिल्ह्यातून एक वाघ गेला. तेव्हा ‘वाघ आता इथवर पसरले’ असं वाटणं साहजिक होतं, पण ते बरोबर नाही.

तो वाघ यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातला टी१-सी१, पुढे ‘वॉकर’ म्हणून गाजलेला. फेब्रुवारीत त्याला रेडिओ कॉलर लावली गेली, जूनमध्ये त्यानं टिपेश्वर सोडलं. तेलंगणाची हद्द, नांदेड, हिंगोली, वाशिम असं करत डिसेंबरात तो बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. कॉलरवर नोंदलेली त्याची एकूण चाल ३,००० किलोमीटरच्या वर गेली. तो वाट चुकला होता, हाही गैरसमजच. वयात आलेला नर आईचा मुलूख सोडून स्वतःची हद्द आणि मादी शोधायला निघतोच. वॉकर बहुतेक रात्री चालायचा, रानडुकरं नि गुरं मारून पोट भरायचा.

ज्ञानगंगेत मात्र मादी नव्हती. जे. जी. स्केलम यांनी १९५१ मध्ये मांडलेल्या गणितात प्रसाराचा वेग प्राण्यांचं फिरणं आणि त्यांची वाढ यांच्या गुणाकारावर ठरतो. पिल्लंच नसतील, तर एका नराची पायपीट कितीही लांबली तरी वाघांचा मुलूख पुढे सरकत नाही.

आणखी एक समज असा, की प्रसाराचं असं गणित करायला जमिनीचा तुकडा न् तुकडा मोजणारा महासंगणकच हवा. मार्था गार्लिक, जेम्स पॉवेल आणि मेव्हिन हूटन यांनी अमेरिकेतल्या म्यूल हरणांमधल्या ‘क्रॉनिक वेस्टिंग डिसीज’ या जीवघेण्या रोगाच्या प्रसारावर काम करताना वेगळी वाट दाखवली. बारीक तुकड्यांऐवजी मोठे चौकोन घ्यायचे, पण त्यांची सरासरी जपून काढायची. समजा, एका चौकोनात अर्धं सोयाबीन काढलेलं मोकळं रान आहे आणि अर्धा हिंगोलीतल्या वसमतकडचा ऊस. फिरण्याचा दर रानात ९, उसात १ धरू. साधी सरासरी येते ५. पण प्राणी उसात जास्त वेळ थांबतो, म्हणून इथे हरात्मक सरासरी (दरांच्या व्यस्तांची सरासरी काढून तिचा व्यस्त) लागते, आणि ती फक्त १.८ भरते. साधी सरासरी धरली, तर प्रसाराचा अंदाज भलताच फुगतो. मोठ्या चौकोनांवर उत्तर काढलं की ते परत बारीक तुकड्यांत वाटता येतं: दर जिथे कमी, तिथे प्राणी जास्त. वेळ वाचतो आणि ऊस-रानातला फरकही टिकतो. मला या पद्धतीतलं हेच सर्वांत मोलाचं वाटतं.

‘दिसला नाही, म्हणजे नाहीच’ हाही असाच एक गैरसमज. प्राणी असताना एका फेरीत त्याची खूण सापडण्याची शक्यता ३० टक्के असेल, तर तीन फेऱ्या करूनही ती हुकण्याची शक्यता ३४ टक्के उरते. म्हणून हिंगोलीतल्या कयाधू नदीच्या काठावर फिरताना ‘ठसा मिळाला नाही’ ही नोंदसुद्धा जागा आणि तारखेसह लिहून ठेवावी. गणिताला ती नोंद ठशाइतकीच लागते.