फीट थांबल्यानंतरची अकरा मिनिटे

गोव्यातल्या पेडणे-डिचोलीच्या वाड्यांवर कुणाला फीट आली की सारी धावाधाव झटके चालू असतानाच होते. कुणी चप्पल हुंगवतो, कुणी कांदा फोडून नाकाशी धरतो, कुणी मुठीत किल्ल्यांचा जुडगा कोंबतो. दोनेक मिनिटांत झटके आपोआप थांबतात, श्रेय कांद्याला जाते आणि ‘झोपू दे आता त्याला’ म्हणत माणसे पांगतात. पण शेजारी बसणाऱ्याचे खरे काम तिथूनच सुरू होते. श्वास मेंदूच्या देठातून चालतो. रक्तात कार्बन डायऑक्साइड वाढला की तिथल्या सेरोटोनिन स्रवणाऱ्या पेशी श्वासाला वेग देतात, झोपलेल्याला जागेही करतात. उशीत तोंड गेले तर आपण झोपेतच मान वळवतो, ती यांच्यामुळे. मोठ्या फीटनंतर याच पेशी मंदावतात. शिवाय फीट विझवायला मेंदू स्वतः ॲडेनोसिन सोडतो, आणि तेही श्वास दाबते. आयोवातल्या संशोधकांनी 2015 साली नोंदवले, की मेंदूतल्या अमिग्डाला या भागाला विजेने चेतवले की रुग्णाचा श्वास थांबतो, आणि त्याला स्वतःला त्याचा पत्ताही नसतो. गुदमरण्याची भीतीच वाटत नाही. म्हणून ती शेजारच्याला वाटायला हवी.

फीटची नोंद घेणाऱ्या रुग्णालयांतल्या 147 केंद्रांकडून गोळा केलेली माहिती 2013 साली प्रसिद्ध झाली. अपस्माराने, म्हणजे फीटच्या आजाराने, अचानक झालेले 16 मृत्यू त्यात होते, त्यांतले 14 रात्रीचे. ज्यांच्या श्वासाची आणि हृदयाची नोंद हाती लागली, त्या सगळ्यांत क्रम एकच: फीट संपल्यावर भराभर श्वास, तीन मिनिटांत तो बिघडणे, आणि उशिरात उशिरा अकरा मिनिटांत कायमचा थांबणे. हृदय त्यानंतर थांबले. केरीची फेरी ओलांडून तेरेखोलला, किंवा डिचोलीतल्या आडवाटेच्या वाड्यावर, अकरा मिनिटांत रुग्णवाहिका पोचेल याची खात्री कोण देईल? घरातले माणूस मात्र हाताच्या अंतरावर असते.

असे मृत्यू प्रौढ रुग्णांत वर्षाला हजारी एक, मुलांत साडेचार हजारांत एक. मग घरच्यांना घाबरवायचे कशाला, असे विचारले जाते. हा आक्षेप प्रामाणिक आहे, पण मला पटत नाही. धोका सगळ्यांना सारखा नाही. ज्यांना अंगभर झटक्यांची फीट वारंवार येते, विशेषतः जे रात्री एकटे झोपतात, त्यांचा तो कितीतरी जास्त. आणि रोजची गोळी न चुकवण्याचे याहून मोठे कारण नाही. दुसरा आक्षेप औषधाचा: सेरोटोनिन कमी पडते तर ते वाढवावे. उंदरांच्या एका जातीत फ्लुऑक्सेटिन या अशा औषधाने फीटनंतरचे मरण टळते, हे खरे. माणसांत ते सिद्ध झालेले नाही. तोवर औषध म्हणजे शेजारी बसलेले माणूस.

झटके चालू असताना तोंडात काही घालू नका, हातपाय दाबून धरू नका. थांबले की कुशीवर वळवा, तोंडाजवळची उशी काढा, आणि जाग येईपर्यंत छातीकडे बघत बसा. फीट पाच मिनिटांपलीकडे गेली तर 108 ला फोन करा. श्वास थांबला तर फोन करून गाडीची वाट बघत बसू नका, तिथेच छाती दाबायला लागा.