मोटारीच्या धुराची नाडीपरीक्षा

मोटार पेट्रोलवर चालते असे आपण सहज म्हणतो. पण एक किलो पेट्रोल पुरते जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते. हवा कमी पडली, तर पेट्रोल अर्धवट जळते आणि धूर काळा होतो. उलट, चढावर किंवा भरधाव वेगात हवा जास्त झाली, तर इंजिन खटखटू लागते. प्रसंगी पिस्टनही जायबंदी होतो.

हे प्रमाण साधले की नाही, ते इंजिनाच्या संगणकाला धुरात उरलेल्या ऑक्सिजनवरून कळते. बॉश कंपनीने १९७६ साली मोटारींसाठी त्याचा सेन्सर आणला. हा साधा सेन्सर एवढेच सांगतो: पेट्रोल जास्त असेल तर सुमारे ०.९ व्होल्ट, हवा जास्त असेल तर सुमारे ०.१ व्होल्ट. किती जास्त, ते मात्र त्याला नेमके सांगता येत नाही.

वाइडबँड सेन्सर तेच सांगतो. त्यात एक इवलासा कप्पा असतो. कप्प्यातला ऑक्सिजन ठरावीक पातळीवर राहावा म्हणून विजेच्या जोरावर तो आत-बाहेर ढकलला जातो. त्याला किती प्रवाह लागला, यावरून मिश्रणाचा आकडा निघतो. हा प्रवाह सांभाळणे आणि सेन्सर सतत तापता ठेवणे, हे काम कंट्रोलर करतो. म्हणूनच साधा सेन्सर काढून त्याच्या तारा वाइडबँडला जोडल्या, तर काहीच साधत नाही.

गाडीत बदल करणारे हौशी लोक बहुधा फसतात ते पुढच्या टप्प्यावर. कंट्रोलर आपला आकडा शून्य ते पाच व्होल्टमध्ये संगणकाला कळवतो. समजा, शून्य व्होल्ट म्हणजे १० आणि पाच व्होल्ट म्हणजे २०. मग १४.७ साठी २.३५ व्होल्ट यायला हवेत. संगणकातही हेच कोष्टक भरलेले हवे.

तेवढ्यानेही भागत नाही. कंट्रोलरची अर्थची तार बॉडीला कुठेही जोडली आणि तिथे केवळ ०.१ व्होल्टचा फरक पडला, तर संगणकाला १४.७ ऐवजी १४.९ दिसतात. हवा जास्त झाली असे समजून तो विनाकारण पेट्रोल वाढवतो. फरक उलट दिशेचा असेल, तर तो पेट्रोल तोडतो, आणि धोका तिथेच असतो. म्हणून सिग्नलची अर्थ संगणकाच्या सेन्सर-अर्थलाच जोडावी. हीटरच्या अर्थमधून मोठा प्रवाह जातो. ती वेगळी ठेवावी.

सेन्सर कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या आधी, टोक खाली झुकवून बसवावा, म्हणजे त्यात पाणी साचत नाही. वीज न देता तो चालत्या गाडीत ठेवू नये. काजळीने तो लवकर खराब होतो.

असे काम करून घेतलेत, तर गाडी ताब्यात घेण्यापूर्वी मेकॅनिकला एकच विचारा: कंट्रोलरच्या डिस्प्लेवरचा आकडा आणि संगणकाला दिसणारा आकडा एकच आहे ना?