मुक्काम पोस्ट धेंपो

मांडवीच्या ओल्या वाळूत अनवाणी चेंडू तुडवणाऱ्या आमच्या रत्नागिरीकर पोरांना फुटबॉल प्रशिक्षक फर्ग्युसनसाहेब मुखोद्गत. पण कोकण रेल्वेने मडगावी उतरताच ज्यांचे नाव आदराने निघते, त्या आर्मांदो कुलासोंची वार्ताही नसते, हे खटकते. दोन पराभव होताच बडतर्फीचा हुकूम सुटणाऱ्या या पेशात, 2004-05 ते 2011-12 या अवधीत धेंपो स्पोर्ट्स क्लबला पाच राष्ट्रीय विजेतेपदे (दोन नॅशनल लीगची, तीन आय-लीगची) मिळवून देणारा हा गोमंतकीय प्रशिक्षक तपाहून अधिक काळ एकाच दौलतीच्या चाकरीत राहिला. 2013 मध्ये ते ईस्ट बंगाल क्लबकडे गेले, हे खरे. त्याने माझ्या दप्तरातली त्यांच्या इमानाची नोंद खोडली जात नाही. 2024 च्या द्रोणाचार्य पुरस्काराने सरकारदरबारीही ती झाली, अंमळ उशिराच!