लस असूनही वाण का जपायचे?

कोंबडीचा एक पाय पुढे ताणलेला, दुसरा मागे. उठता येत नाही. पोल्ट्रीत असे पक्षी दिसू लागले की पालनकर्त्याच्या पोटात गोळा येतो. हा 'मॅरेक्स' रोग. हंगेरीतील पशुवैद्य योझेफ मारेक यांनी १९०७ मध्ये त्याचे पहिले वर्णन केले, म्हणून हे नाव.

हा रोग नागीण ज्या कुळातील विषाणूने होते, त्याच कुळातील एका विषाणूमुळे होतो. तो मज्जातंतूंना सूज आणतो आणि यकृत, प्लीहा, अंडाशय यांत गाठी वाढवतो. थोडक्यात, हा कोंबड्यांमधला संसर्गजन्य कर्करोगच! पिसांच्या मुळांतून निघालेला कोंडा हवेत उडतो आणि त्यातून रोग पसरतो. शेडमधील धुळीत हा विषाणू कित्येक महिने तग धरतो.

वाचलेल्यांचे वाण

पण रोगाच्या साथीतही काही घराण्यांतल्या कोंबड्या जास्त वाचतात. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात एफ. बी. हट यांनी १९३० च्या दशकात नेमका हाच धागा पकडला. ज्या घराण्यांत रोग कमी, त्यांचेच नर-मादी पुढच्या पैदाशीसाठी घ्यायचे. शेतकरी चांगल्या कणसाचे बियाणे राखतो, तसेच हे.

त्याच विद्यापीठातील रँडल कोल यांनी १९६० च्या दशकात आणखी कडक परीक्षा घेतली. पिल्लांना मुद्दाम विषाणू टोचायचा आणि त्यांच्या निकालावरून आईबापांची निवड करायची. अवघ्या काही पिढ्यांत एकाच मूळ कळपातून दोन टोकांचे वाण तयार झाले. एका वाणातील बहुतेक पिल्ले रोगाला बळी पडत, तर दुसऱ्यातील बहुतेक सहीसलामत राहत.

यामागचे एक कारण पुढे रक्तगटात सापडले. 'बी-२१' हा गट असलेल्या कोंबड्या या रोगाशी चांगली झुंज देतात. त्यामुळे पक्ष्याला रोगी न करता, थेंबभर रक्तावरूनही निवड करणे शक्य झाले.

लस आली, तरीही...

सुमारे १९७० पासून टर्की पक्ष्यातील निरुपद्रवी विषाणूची लस वापरात आली. कोणत्याही कर्करोगावरील ही पहिल्या यशस्वी लसींपैकी एक. भारतातही हॅचरीत एक दिवसाच्या पिल्लांना मॅरेक्सची लस टोचतात. मग वाण जपण्याची कटकट कशाला?

कारण ही लस गाठी रोखते, संसर्ग नाही. लस घेतलेला पक्षी धडधाकट दिसतो. पण विषाणू त्याच्या अंगात राहून बाहेर पडतच असतो. दरम्यान विषाणूचे अधिकाधिक जहाल प्रकार पुढे आले. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत असे दिसले, की लस न घेतलेली कोंबडी जहाल विषाणूने लवकर मरते आणि त्याच्या प्रसाराला आळा बसतो. लस घेतलेली मात्र जगते आणि तो पसरवत राहते.

म्हणून लस टाकून द्यायची असे नाही. तिच्याविना पोल्ट्रीचा धंदाच बसेल. मात्र लसीला काटक रक्ताची जोड मिळाली, तर संरक्षण अधिक पक्के होते. अडचण एवढीच, की पैदास करणाऱ्याला अंडी आणि वजनही हवे असते. प्रत्येक जास्तीच्या गुणासाठी निवडीची चाळणी बारीक होते आणि वेळ वाढतो.

अंड्यांच्या हिशेबात रोगप्रतिकारक्षमतेचा रकाना नसतो. मोठी साथ आली, की मात्र तोच रकाना सर्वांत आधी पाहावा लागतो.